तिथीची पाऊणपट

१२ जून १९९५, सोमवार

पेणहून रोह्याला, खारभूमी मंडळाच्या मुख्य ऑफिसात, जाऊन आलो. काहीतरी शिजतंय. हैबतरावांनी स्वतः माझ्यासाठी चहा सांगितला — नऊ वर्षांत पहिल्यांदा. साहेब चहा सांगतात तेव्हा आपली मान जागेवर आहे ना, हे चाचपून बघावं.

टेबलापलीकडे एक मुलगी बसलेली. ऋतुजा. रोह्याचीच, मुंबईत इंजिनिअरिंग शिकून आलेली, वय असेल चोवीस. मंडळाच्या उघाड्या आता मोटरवर चालवायच्या ठरल्यात. पहिली कोपरीची. आणि मोटर कधी चालू करायची, कधी बंद, ते हिचा काँप्युटर ठरवणार!

तिच्या कागदावर 'स्लुइस गेट' लिहिलेलं. म्हटलं, बाई, उघाडी म्हणा. बांधातलं दार. ओहोटीला उचलायचं, शेतात साठलेलं पावसाचं पाणी खाडीत सोडायचं, आणि भरती चढायच्या आत पाडायचं. तासाभराची चूक झाली की खारं पाणी भातात, आणि जमीन तीन वर्षांसाठी गेली. तिने वहीत 'उघाडी' लिहून घेतलं, खाली रेघ ओढली. नम्र दिसते. नम्र माणसांचा मला जास्त संशय येतो.

कोपरीच्या उघाडीवर नाथा आहे. त्याच्या आधी त्याचा बाप होता, त्याआधी आजा. मी विचारलं, मग नाथाचं काय? हैबतराव म्हणाले, "बघू." साहेबांचं 'बघू' मला पाठ आहे.

१३ जून

नाथाच्या भरतीच्या नोंदींची ८८ ते ९४ ची रजिस्टरं ऋतुजाला दिली. पोच घेतली, दोन प्रतीत. एक घरी ठेवली.

१९ जून

रोहा. काँप्युटरच्या खोलीबाहेर पाटी — 'चपला बाहेर काढाव्यात'. आत गारवा, उदबत्ती तेवढी राहिली. मी मोज्यांसकट आत गेलो, कुणी काही बोललं नाही.

ऋतुजा समजावत होती. "सर, सूत्र आपण सांगायचं नाही. सूत्र त्यानेच शोधायचं." कसं, तर आधी मशीन मनाला येईल तशी पाचशे सूत्रं लिहितं. तिथी अधिक पाऊस, वारा गुणिले सात, पाऊस भागिले तिथी — ठाण्याच्या वेड्यांच्या इस्पितळात शोभतील अशी. मग प्रत्येक सूत्र आमच्या रजिस्टरातल्या अडीच हजार दिवसांवर घासून बघतं. भरतीची वेळ कोण जवळात जवळ सांगतो? ज्याची चूक कमी, त्याला लग्नाची परवानगी. दोघांच्या फांद्या छाटून एकमेकांवर बांधायच्या, आंब्याचं कलम करतात तशा. होतील ती पोरं म्हणजे पुढची पिढी. बाकीची मेली. अशा पन्नास पिढ्या. नाव — जेनेटिक प्रोग्रॅमिंग. परदेशात म्हणे यावर यंत्रांचे हात हलवतात, विजेची सर्किटं जुळवतात.

विचारलं, "आणि ही लग्नं लावतं कोण?"

"कुणी नाही सर. चिठ्ठ्या टाकल्यासारखं. मशीनच."

कुणी नाही म्हणजे कुणीतरी आहे. मंडळात नऊ वर्षं काढल्यावर एवढं तरी कळतं. पत्रिका नाही, मध्यस्थ नाही, आणि पाचशे लग्नं सुखाने लागतात?

मी विचारलं, मुंबई बंदराचं भरतीचं कोष्टक छापील मिळतं, ते का नको? म्हणाली, ते खाडीच्या आत जसंच्या तसं चालत नाही, प्रत्येक जागेचा स्वभाव वेगळा, म्हणून जागेवरची नोंद हवी. स्वभाव! समुद्र एकच, चंद्र एकच. माझा जन्म अलिबागच्या किनाऱ्यावरचा, मला शिकवते.

पण एक बरं झालं. रजिस्टरं चाळताना म्हणाली, "इतकी स्वच्छ नोंद मी कुठेच पाहिली नाही सर. एक खाडाखोड नाही." मी म्हटलं, ते रजिस्टर मी सुरू केलं. नाथाला घड्याळ मी दिलं, भिंतीवरचं कॅलेंडर बघून तिथी लिहायला मी शिकवलं. या मंडळात सगळं खोटं निघेल, ती वही निघणार नाही. बोलताना ऊर भरून आला, खोटं कशाला सांगू.

२३ जून

दुपारी वीज गेली. एकतिसावी पिढी जागच्या जागी वारली. पुन्हा पाचशेपासून सुरुवात. मनातून बरं वाटलं.

१ जुलै

नाथा जूनचं पान द्यायला पेणला आला. डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद, वही मात्र कोरडी. पान बघितलं, टिक केली.

तो म्हणाला, "ती बाय पानी बघाला कवा येल?"

म्हटलं, ती पाणी नाही बघत, वही बघते.

"वही बघून दार चालवनार?" असं म्हणून माझ्याकडे बघतच राहिला. मग "बरं हाय साहेब" म्हणाला आणि गेला. चहाही घेतला नाही. मोटर येणार याची कुणकुण लागली असणार. मला वाईट वाटलं. हैबतरावांशी भांडायला लागलं तर मी भांडेन, असं ठरवलं आहे. नाथासारखा प्रामाणिक माणूस काढायचा आणि पेटी बसवायची — हे मी असेपर्यंत नाही.

५ जुलै

आज जे घडलं ते नीट लिहून ठेवतो.

मशीनने सूत्र दिलं. लांबलचक भोकाभोकांच्या कागदावर छापून आलं:

((त − (त ÷ ४)) + (पा − पा)) × (वा ÷ वा)

त म्हणजे तिथी, पा म्हणजे पाऊस, वा म्हणजे वारा. मी म्हटलं, हे काय? पाऊस वजा पाऊस म्हणजे शून्य. वारा भागिले वारा म्हणजे एक. मग लिहिलं कशाला? ऋतुजा हसली. "असलं साठत जातं सर. एखाद्या खापरपणज्यात कधीतरी आलेलं, त्रास देत नाही म्हणून कुणी काढत नाही." म्हणजे मंडळासारखंच.

तो कचरा मी माझ्या पेनाने खोडला. राहिलं काय? तिथी वजा तिथीचा चतुर्थांश.

पाऊणपट!

खुर्चीवरून उठलोच. वडिलांनी मला वाळूत बोटाने लिहून शिकवलं होतं ते — तिथीची पाऊणपट करायची, येईल त्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. आमच्याकडे शेंबड्या पोराला येतं. लाखाचं मशीन, हजारो लग्नं, अठरा तास वीज, आणि शेवटी उत्तर काय, तर माझा बाप! हैबतरावांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे मशीन बरोबर आहे तर." त्यांना नेहमी उलटंच कळतं.

ऋतुजा मात्र गप्प होती. आनंद नाही, काही नाही. कागदाकडे बघत बसली.

६ जुलै

रात्री डोळ्याला डोळा नाही. ती गप्प का होती?

सरळ आहे. रोह्याची पोर, नदीकाठची. पाऊणपट तिच्या आजीलाही माहीत असेल. आधी उत्तर आत घातलं आणि मग लग्नाचा बँड वाजवला! पकडली जाईल म्हणून गप्प.

७ जुलै

रोह्याला न कळवता गेलो. म्हटलं, माझ्यासमोर पहिल्यापासून करा. सकाळी नऊला सुरू, मी स्टूल घेऊन शेजारी. डबाही तिथेच खाल्ला. दुपारी तीनला अडतिसाव्या पिढीत तेच आलं, फक्त कचरा वेगळा — या खेपेला पाऊस भागिले पाऊस.

तिला पाऊणपट माहीतच नव्हती. रजिस्टरातल्या 'व. ४' मधला व म्हणजे वारा असं ती पहिले चार दिवस समजत होती, मग आईने सांगितलं, अगं वद्य. हे ऐकल्यावर संशय घ्यायला जागा राहिली नाही. तरी फ्लॉपी पिशवीत घालून घरी आणली. बायको, शांती, म्हणाली, "आता हिलाही जेवायला वाढू का?"

१० जुलै

ऋतुजा पॅसेंजरने पेणला आली, रजिस्टराचा गठ्ठा घेऊन. दार लोटून घेतलं. मला वाटलं, आता काही मागणार.

म्हणाली, "सर, चूक शून्य आहे."

म्हटलं, मग पेढे आणायचे होते.

"आमचे सर सांगायचे, चूक शून्य आली की घाबरायचं. खरी माणसं घड्याळ बघतात तेव्हा पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे होतात. वारा असतो, नदीला पूर असतो. आणि हे बघा —" तिने बोट ठेवलं. पावणेचार. साडेचार. सव्वापाच. सहा. पान उलटलं, पुन्हा तेच. "सात वर्षांत भरती कधीच तीन वाजून वीस मिनिटांनी थांबलेली नाही. मशीनने खाडी नाही ओळखली सर. मशीनने हे लिहिणारा ओळखला."

मी ताडकन म्हटलं, नाथा खोटं लिहिणार नाही. तुमचं मशीन चाललं नाही म्हणून आमच्या वहीवर खापर फोडू नका. ती उठली. दारात थांबून म्हणाली, "एकदा घड्याळ घेऊन उभं राहून बघूया ना सर. मी येते."

मी म्हटलं, माझा मी बघीन.

गेल्यावर सात वर्षांच्या पानांवरच्या माझ्या टिका मोजत बसलो. प्रत्येक पानावर आहे. मला कसं दिसलं नाही? दिसायचं काय त्यात. बरोबरच तर होतं सगळं.

१६ जुलै, रविवार

कोपरीला गेलो. कुणाला सांगितलं नाही. शांतीला सांगितलं, गणपती सांगायला कारखान्यात जातो.

नऊ वर्षांत भरतीच्या वेळी उघाडीवर कधी उभा राहिलो नव्हतो. पाहणीला जातो ती जीप वेळेत परत निघते. आज वद्य चतुर्थी. पाऊणपटीने तीन.

पावणेतीनला पोचलो. नाथा खोपटात जाळं विणत बसलेला, पुतळी — त्याची बायको — बाहेर बोंबील झाकत होती. दार पाडलेलं. मला बघून दोघं उठली. मी बांधावर छत्री घेऊन उभा राहिलो. तीन वाजले. पाणी चढत होतं. सव्वातीन. चढतच होतं. दगडावरची शेवाळाची रेघ एकेक बोट बुडत होती.

म्हटलं, "नाथा, तीन वाजून गेले. भरती झाली ना?"

"नाय साहेब. अजून हाय."

"किती?"

त्याने घड्याळ बघितलं नाही. पाण्याकडे बघितलं. "तासभर तरी हाय."

चार वाजून बारा मिनिटांनी पाणी थांबलं. वाहून आलेली काटकी आली तिथेच उभी राहिली, मग हळूच उलटी फिरली. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

खोपटात जाऊन वही उघडली. आजची नोंद भरलेली होती. भरती — ३.००. शाई वाळलेली! सकाळीच भरून मोकळा. पुढच्या पानावर उद्याचीही, ३.४५.

"हे काय आहे?" म्हणून वही त्याच्यासमोर धरली. त्याने बघितलंही नाही. पुतळी काहीतरी बोलायला पुढे आली, त्याने हाताने थांबवली.

"वही तुमची हाय साहेब," म्हणाला. "पानी माझं."

हा माज! नऊ वर्षं मी याच्यासाठी शब्द टाकला. या माणसासाठी मी साहेबांशी भांडणार होतो. म्हटलं, पुन्हा विचारतो, खोटं लिहिलंस की नाही?

"तुमी सांगाल तसं."

वही काखेत मारून निघालो. परत येताना शांतीला काय सांगितलंय ते आठवलं, म्हणून गणपती सांगून आलो.

१७ जुलै

पुन्हा गेलो, पलीकडच्या काठावरून बघितलं, त्यांच्या नजरेस न पडता. वद्य पंचमी. वहीत पावणेचार. पाणी थांबलं चार वाजून अठ्ठावन्नला. सव्वा तासाचा फरक, आजही. शांतीला विचारलं, तुझं माहेर खाडीतलं, भरती उशिरा येते का गं तुमच्याकडे? म्हणाली, "मग? तोंडापासून आतपर्यंत चालत यायचं तर वेळ नाही लागणार?" मला हे आजवर कुणी सांगितलं नाही.

१८ जुलै

अहवाल लिहिला. तीन वेळा फाडला, चौथ्यांदा ठेवला. 'सदर इसमाने सात वर्षे नोंदवहीत जाणूनबुजून कपोलकल्पित वेळा भरल्या असून मंडळाची दिशाभूल केली आहे.' मोटरवर हे सूत्र घातलं असतं तर दार सव्वा तास आधीच उघडलं असतं, चारशे एकर भात खाऱ्यात गेलं असतं. हेही लिहिलं. ते सगळं खरं आहे.

अहवाल स्वतः रोह्याला नेऊन दिला. हैबतरावांनी वाचला आणि पुन्हा चहा सांगितला. त्यांना नाथाला काढायला कागद हवाच होता. माझ्या हातून मिळाला. हे मला तिथे बसल्या बसल्या कळलं, तरी कागद परत मागितला नाही.

ऋतुजाने जिन्यात गाठलं. "सर, त्याने असं का लिहिलं, विचारलंत का?"

म्हटलं, खोटं बोलणाऱ्याला का विचारायचं नसतं. आणखी एक खोटं ऐकावं लागतं.

"पण दार तर रोज बरोबर चालवत होता ना? सात वर्षांत एकदाही खारं पाणी आत आलं नाही. हात खरा आणि नोंद खोटी, असं कोण करतं सर?"

मी घड्याळ बघितलं. पॅसेंजर सुटायची वेळ झाली होती.

२४ जुलै

नाथाने खोपटाची किल्ली, घड्याळ आणि टोपी आणून टेबलावर ठेवली. टोपी मंडळाची नव्हती, त्याचीच होती. परत दिली. पुतळी बरोबर होती. आता कोलाडला जाणार, मुलगा प्रवीण तिथे हायवेवर एका हॉटेलात कामाला आहे. पुतळी म्हणाली, "वरीस एकसष्ट हाय यांचं. तिकडं यांनी काय बघत बसायचं, गाड्या?" नाथा तिला म्हणाला, "चल गो."

मी फाईलमध्ये डोकं घालून बसलो होतो. वर बघायला हवं होतं.

३ ऑगस्ट

उघाडीवर शिपाई गुणाजीला बसवलंय. तो पेणचा, बाजारपेठेतला. खाडीला पाठ करून पेपर वाचतो. काल दार उशिरा पडलं, बांधाजवळच्या दोन खाचरांत खारं शिरलं. शेतकरी ऑफिसात आले होते. नाथाला आणा म्हणतात. मी म्हटलं, तो खोटारडा निघाला. त्यातला एक म्हणाला, "आमाला वही नाय, भात खायाचं हाय." दहा तारखेला पौर्णिमा, उधाणाचं पाणी. हैबतराव म्हणतात, बघू.

ऋतुजाचा फोन. तिला थोडीतरी खरी नोंद हवी — महिनाभराची असली तरी मशीनला फरक शिकवता येईल. तिने विचारलं, "सर, खोटं नक्की कधीपासून सुरू झालं? त्याच्या आधीची वही असेल का?"

८८ च्या आधीची एकच. ८७ ची, पहिली. शोधतो म्हणालो. तो पहिल्या दिवसापासून खोटा होता की नंतर बिघडला, हे मलाही बघायचंय.

५ ऑगस्ट

वही मिळाली. माझ्याच कपाटात, वरच्या फळीवर.

१ जुलै ८७, शु. ५, भरती ५.०३. २ जुलै, शु. ६, भरती ५.४१. असे अकरा दिवस, नाथाच्या हातचे, वाकडेतिकडे. एकही वेळ पाव तासावर नाही. सगळ्या पाऊणपटीच्या सव्वा तास पुढे, पाच-सात मिनिटं इकडेतिकडे.

पानावर आडवी तांबडी शाई: 'वेळा तिथीशी जुळत नाहीत. मनाने खोटे लिहू नये. तिथीची पाऊणपट करून भरावे, अन्यथा कामावरून कमी केले जाईल.' खाली सही. सही माझी आहे.

बाराव्या दिवसापासून वही बिनचूक आहे.